पोरगं बोलंना, माणूस झोपंना: कोल्हापुरात निदानाची वाट कशी धरायची

आमचा मुलगा दोन वर्षांचा झाला तेव्हा त्याला एकही शब्द येत नव्हता. सासूबाई म्हणायच्या, "ह्याचा बा बी उशिरानंच बोलला." शेजारच्या काकूंनी मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. आम्ही ज्या डॉक्टरांकडे जायचो त्यांनी सांगितलं, मुलगे जरा उशिरा बोलतात, तीन वर्षांपर्यंत वाट बघा. तिघांनाही त्याची काळजी होती आणि तिघांचं ऐकून आम्ही थांबलो. त्या थांबण्यात चौदा महिने गेले. आज तो सोळा वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. तो स्वतःचा डबा स्वतः भरतो आणि पाहुण्यांना पाणी नेऊन देतो. ते चौदा महिने मात्र मला अजून टोचतात.

आता राजारामपुरीपासून गडहिंग्लजपर्यंतचे आईवडील कुणाच्या तरी ओळखीनं मला फोन करतात. कधी मुलाचा प्रश्न असतो, कधी नवऱ्याचा, कधी बाळंतिणीचा. सगळ्यांना पहिल्याच फोनवर उत्तर हवं असतं: "हे नक्की काय आहे?" मी डॉक्टर नाही, निदान मी करत नाही. तुम्हीही करू नका. निदान करणाऱ्या माणसापर्यंत वेळेत आणि पुरी माहिती घेऊन पोचणं हे घरच्यांचं काम. ते कसं करायचं तेवढं सांगते.

पहिली पायरी: दोनशे पानी वही

ऑटिझम सांगणारी रक्ताची तपासणी नाही. नैराश्य एमआरआयमध्ये दिसत नाही. या आजारांचं निदान बहुतेक वेळा दोन गोष्टींवर उभं असतं: घरच्यांनी काय सांगितलं आणि डॉक्टरांना समोर काय दिसलं. सरकारी ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांच्या वाट्याला तुमचं मूल काही मिनिटं येतं, तेही रडणारं आणि घाबरलेलं. उरलेले दिवसाचे सगळे तास तुम्ही पाहता. म्हणून वही.

वहीत मत लिहायचं नाही, पाहिलेलं लिहायचं. "फार हट्टी आहे" यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. "मंगळवारी संध्याकाळी सात. कुकरची शिट्टी झाली, कानावर हात ठेवून वीस मिनिटं रडला, उचलून घेतल्यावर जास्तच. बाहेर अंगणात नेल्यावर थांबला." हे वाचून त्यांना खूप कळतं. काय घडलं, त्याआधी काय झालं होतं, किती वेळ चाललं, कशानं थांबलं, एवढं रोज लिहा. चौदा दिवस पुरेत. मोठ्या माणसाबद्दल असेल तर झोप किती तास, जेवण किती, कामावर गेला का, कुणाशी बोलला, हे लिहा.

मोबाइलवर एक-दोन मिनिटांचे चार-पाच व्हिडिओ घ्या: जेवताना, एकटं खेळताना, दुसऱ्या मुलांबरोबर असताना. एक व्हिडिओ मात्र नक्की घ्या. टीव्ही बंद करा, मुलाच्या मागे उभे राहा, हात न लावता नेहमीच्या आवाजात नावानं हाक मारा. वळून बघतो का? किती हाकांनंतर? हे व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर टाकू नका. ते मुलाचे आहेत आणि फक्त तपासणाऱ्यासाठी आहेत.

वहीच्या पहिल्या पानावर जन्माची हकीकत लिहा. दिवस भरले होते का, वजन किती, लगेच रडलं का, काचेच्या पेटीत किती दिवस, कावीळ, झटके. डिस्चार्ज कार्ड आणि सरकारी माता-बाल संरक्षण कार्ड सापडत असेल तर वहीत ठेवून द्या. नात्यातलं लग्न असेल तर तेही लिहा. आपल्याकडे मामाची मुलगी करणं नवीन नाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टर ते विचारतात ते आनुवंशिक आजारांचा अंदाज घ्यायला, दोष द्यायला नव्हे. हे पान लिहिताना घरात भांडण होतं असा माझा अनुभव आहे. "तुमच्या घराण्यातनं आलं" हे वाक्य कुणीतरी बोलतंच. त्या वेळी वही मिटून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडा.

कोणत्या वयाला काय बघायचं

सगळी मुलं एकाच तारखेला चालत नाहीत, बोलत नाहीत. पण काही वयं अशी आहेत की त्यापुढे वाट बघण्यात अर्थ नसतो. दोन-तीन महिन्यांत बाळ आपल्या चेहऱ्याकडे बघून हसतं. चार महिन्यांत मान धरतं. नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसतं, नावाला वळतं, "बाबाबा, दादादा" असे आवाज काढतं. अठरा महिन्यांपर्यंत चालतं. वर्षाचं झालं तरी आवाजही नाहीत आणि टाटा, हात जोडून जय-जय, बोटानं दाखवणं यांतलंही काही नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत "आई ये", "दूध दे" असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही: यांतलं एक जरी असेल तरी तपासणीला निघा. आणि जे येत होतं ते गेलं, शब्द होते ते बंद झाले, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवा.

दिवस भरण्याआधी झालेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत दुरुस्त करून मोजतात. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ वर्षाचं झालं की त्याला दहा महिन्यांचं धरायचं.

बोट दाखवण्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण माझी चूक इथंच झाली. आमचा मुलगा बिस्किटाच्या डब्यापाशी माझा हात धरून न्यायचा. मला वाटायचं, कळतंय की त्याला सगळं! पण तो माझा हात वापरत होता, माझ्याकडे बघत नव्हता. वर्ष-सव्वा वर्षाचं मूल रंकाळ्यावर गेलं की बदकाकडे बोट करतं आणि वळून आईकडे बघतं: तू पण बघ ना. त्याला बदक नको असतं, तुमच्याबरोबर बघणं हवं असतं. हे वाटून घेणं नसणं ही ऑटिझमची फार लवकर दिसणारी खूण आहे. तळहातावर बोट टेकवून मोराला बोलवायचा खेळ, बुवा-कुक, हे आपले जुने खेळ यासाठी उत्तम आहेत. मूल तुमची नक्कल करतं का, पुन्हा खेळ म्हणून तुमच्याकडे बघतं का, ते वहीत लिहा.

डीजेला घाबरणं ही खूण नव्हे. गणपतीच्या मिरवणुकीत महाद्वार रोडवर कुठलंही लहान मूल दचकेल. मिक्सर, शिट्टी, वाळूचा स्पर्श, भाताचा एखादा प्रकार अशा रोजच्या गोष्टींनी रोजचं जगणंच अडत असेल तर लिहा.

मोबाइलमुळे ऑटिझम होतो का, हा प्रश्न प्रत्येक बाप विचारतो. मोबाइलनं ऑटिझम होतो असं सिद्ध झालेलं नाही. पण तासन्‌तास स्क्रीन बघणाऱ्या मुलाशी बोलणं कमी होतं आणि भाषा मागे पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेप्रमाणे वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. वही भरण्याच्या चौदा दिवसांत स्क्रीन बंद करा. फरक दिसला तर चांगलंच. पण "आधी सहा महिने मोबाइल बंद करून बघू, मग दाखवू" असं करू नका.

दुसरी पायरी: आधी कान

मूल बोलत नसेल तर पहिली तपासणी कानाची. दार वाजलं की वळतो म्हणजे ऐकू येतं, असं नाही. काही मुलांना मोठे, जाड आवाज येतात आणि बोलण्यातले बारीक आवाज निसटतात. कानात पाणी साचूनही ऐकणं कमी होतं. लहान मुलांसाठी ओएई आणि बेरा या दोन तपासण्या असतात. त्यात मुलाला उत्तर द्यावं लागत नाही.

बेरा साधारण झोपेत करतात आणि इथंच लांबून येणाऱ्यांची फेरी फुकट जाते. चंदगड, आजऱ्याहून पहाटेच्या एसटीनं निघायचं, गाडी हलली की पोरगं झोपतं आणि तपासणीच्या खोलीत टक्क जागं. म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवा, लवकर उठवा आणि प्रवासात जागं ठेवा. खाऊ, गोष्टी, खिडकी, काय जमेल ते. दूध किंवा जेवण केव्हा द्यायचं ते आधी विचारून घ्या, कारण झोपेचं औषध देणार असतील तर पोट किती रिकामं हवं ते तेच सांगतील. ते औषध घरी देऊ नका, तिथंच त्यांच्यासमोर.

सोबत डोळे, हिमोग्लोबिन, थायरॉइड पाहतात. झटके येत असतील किंवा मूल मधेच काही सेकंद शून्यात बघत थांबत असेल तर ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी. वर्गात "लक्ष नाही" म्हणून मार खाणाऱ्या मुलाला असे बारीक झटके येत असू शकतात.

तिसरी पायरी: कुणाकडे

सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर अंगणवाडीतल्या ताईंपासून सुरुवात करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासणं हे त्यांचं काम. पथक कधी येणार ते ताईंना माहीत असतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, उलट वही घेऊन स्वतः जा. शंका आली तर पथक जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. सगळे त्याला डीईआयसी म्हणतात.

थेट जायचं असेल तर सीपीआर. आपण सगळे सीपीआरच म्हणतो, पूर्ण नाव छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. ते शाहू महाराजांच्या नावानं असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, म्हणून बालरोग, कान-नाक-घसा आणि मनोविकार असे तिन्ही विभाग एकाच आवारात मिळतात. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. लहान मुलासाठी आधी बालरोग, मोठ्यांसाठी मनोविकार विभाग. रांगेत मूल अस्वस्थ होतं, म्हणून दोन मोठी माणसं जा: एक रांगेत, एक मुलाबरोबर बाहेर झाडाखाली.

खासगीत जाताना कोण काय करतं ते आधी समजून घ्या. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकाराचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. निदान आणि औषधं त्यांच्याकडे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात आणि बोलून उपचार करतात, औषध देत नाहीत. त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. वाचाउपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षकांचीही तिथंच असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. खऱ्या तज्ज्ञाला त्याचा राग येत नाही. दोन दिवसांचा कोर्स करून "समुपदेशक" अशी पाटी लावणारेही आहेत आणि त्यांच्याकडे लोकांचे महिने जातात.

चौथी पायरी: निदान कसं होतं

एका भेटीत, पाच मिनिटांत कुणी "ऑटिझम आहे" किंवा "काही नाही" म्हणालं तर दुसरीकडे दाखवा. चाळणी, म्हणजे पुढे तपासायला हवं का एवढंच सांगणारी प्रश्नावली, आणि निदान या वेगळ्या गोष्टी आहेत. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची चाळणी आहे. त्यात तीनपेक्षा कमी गुण आले तर धोका कमी, आठ किंवा जास्त आले तर लगेच पुढची तपासणी. ती भरून घरी रडत बसलेल्या आया मी पाहिल्यात. चाळणीत अडकलेल्या प्रत्येक मुलाला ऑटिझम निघत नाही आणि चाळणीतून सुटलेलं प्रत्येक मूल मोकळं नसतं.

ऑटिझमच्या निदानासाठी दोन्ही बाजू लागतात. एक, लोकांशी नातं जोडण्यात, हावभावात, संवादात अडचण. दोन, त्याच त्या हालचाली, ठरावीकपणाचा आग्रह, एकाच गोष्टीत अडकणं किंवा आवाज-स्पर्शाला वेगळा प्रतिसाद. गाड्या रांगेत लावतो एवढ्यावर ऑटिझम होत नाही. आपल्याकडे तीव्रता मोजायला आयसा ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात चाळीस मुद्दे, ७० गुणांच्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र.

अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवी, सहा महिने तरी टिकलेली हवी आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसायला हवी. फक्त एका सरांच्या तासाला दंगा करणारा मुलगा अतिचंचल नव्हे. म्हणून शाळेतून लेखी निरीक्षण आणा. मुलींच्या बाबतीत फार चुकतं. त्या खिडकीबाहेर बघत शांत बसतात, वस्तू विसरतात, कुणाला त्रास देत नाहीत आणि दहावीपर्यंत "आळशी" ठरतात.

अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचणं-लिहिणं शिकण्यातली अडचण, सात-आठ वर्षांच्या आधी ठरवत नाहीत, कारण तोवर वाचायला शिकणंच चालू असतं. तोंडी उत्तर चोख, वहीत मात्र गोंधळ. घ आणि ध, भ आणि म यांत रोज अदलाबदल. जोडाक्षर आलं की गाडी थांबते. चौथीतही एकेक अक्षर लावून वाचतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकणं यात धरू नका, ते मोठ्यांचंही चुकतं. मूल इंग्रजी माध्यमात असेल आणि घरात कोल्हापुरी मराठी असेल तर आधी हे तपासा की त्याला भाषा येत नाही की वाचता येत नाही. मराठीत बाराखडी शिकवून वाचायला लागला तर चित्र वेगळं असतं.

बौद्धिक अक्षमतेसाठी नुसता बुद्ध्यांक पुरत नाही. तो ७० च्या खाली असणं आणि जेवण, कपडे, पैसे, रस्ता ही रोजची कामं वयाच्या मानानं मागे असणं, दोन्ही बघतात. बुद्ध्यांकाची बिने-कामत चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवलेली आहे, सीमाभागातल्या आपल्या मुलांना ती जवळची. मालिन यांची बुद्धिचाचणी नागपूरला तयार झाली. चाचणी घेणाऱ्याला विचारा, कोणत्या भाषेत घेणार? "चमचा" ऐवजी "स्पून" दाखव म्हटलं म्हणून गुण गेले, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. चाचणीच्या दिवशी मुलाला ताप असेल, रात्रभर झोपलं नसेल तर स्पष्ट सांगा आणि दुसरी तारीख घ्या. आणि एकाच मुलात दोन गोष्टी असू शकतात, ऑटिझमबरोबर अतिचंचलता, झटके किंवा बौद्धिक अक्षमता. दोन नावं ऐकली म्हणून डॉक्टर चुकले असं समजू नका.

सगळ्यात महत्त्वाचं: निदानाचा शिक्का मिळायची वाट बघत थेरपी थांबवू नका. मागे आहे एवढं कळलं की वाचाउपचार (बोलण्याची थेरपी) आणि व्यवसायोपचार (रोजची कामं, हालचाली शिकवणारी थेरपी) सुरू करता येतात. उद्या निदान नाही निघालं तर नुकसान काहीच नाही.

मोठ्यांच्या बाबतीत

आपल्याकडची माणसं "मला नैराश्य आलंय" असं म्हणत नाहीत. डोकं जड, अंग मोडून येतंय, छातीत धडधड, गॅस झालाय, असं म्हणतात. शिरोलीच्या फौंड्रीत पाळीवर जाणारा माणूस रडत नाही, चिडचिड करतो, पितो, सुट्ट्या काढतो. दोन ईसीजी, एक एंडोस्कोपी होते आणि सगळं नॉर्मल येतं. अशा वेळी वही काढा. बहुतेक दिवस, दिवसातला बराच वेळ, दोन आठवडे किंवा जास्त काळ मन उदास आहे किंवा कशातच रस नाही; त्यासोबत झोप, भूक, शक्ती, एकाग्रता गेली, स्वतःला नालायक समजणं, मरणाचे विचार आले; आणि कामावर-घरावर परिणाम झाला, तर दाखवायला हवं. डॉक्टर थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ बघतील, कारण त्यांच्या कमतरतेतही माणूस असाच दिसतो. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची पट्टी देतील. तीही चाळणीच.

एक गोष्ट घरच्यांनी न विचारता सांगावी. पूर्वी कधी आठवडाभर किंवा जास्त काळ हा माणूस दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना होता का, भरमसाट बोलायचा, पैसे उधळायचा, मोठमोठे बेत करायचा? तो बायपोलर आजाराचा, म्हणजे कधी उदासी तर कधी उन्माद येणाऱ्या आजाराचा, भाग असू शकतो आणि मग औषधं वेगळी लागतात. नुसत्या नैराश्याच्या गोळीनं अशा माणसाचा उन्माद उसळू शकतो. उदास असताना माणूस ते दिवस विसरलेला असतो, म्हणून सोबत बायको, भाऊ, आई यांपैकी कुणीतरी जावं.

बाळंतिणीला पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येतं, ते दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही तर "आळशी झालीय" म्हणू नका, दाखवा.

अंगात येण्याबद्दल लोक मला हळू आवाजात विचारतात. जोतिबाच्या यात्रेत हलगी वाजली की एखाद्या बाईच्या अंगात येतं, थोड्या वेळानं उतरतं, दुसऱ्या दिवशी ती दूध काढायला, कामाला जाते. याला कुणी आजार म्हणत नाही आणि जाणते डॉक्टरही म्हणत नाहीत. प्रसंग नसताना, नको असताना, वारंवार येत असेल, संसार अडत असेल, किंवा कुणी नसताना आवाज ऐकू येतात, घरचेच जेवणात विष घालतात असं वाटतं, अंघोळ-झोप सुटली, असं काही आठवडे चाललंय, तर तो आजार आहे आणि औषधानं आटोक्यात येतो. देवाला नवस करा, नारळ वाढवा, माझी काही हरकत नाही, मीही अंबाबाईला जाते. पण गोळीही द्या. आणि भूत काढतो म्हणून कुणी मारहाण करत असेल, चटके देत असेल, तर २०१३ च्या राज्याच्या कायद्यानं तो गुन्हा आहे.

म्हातारं माणूस हळूहळू, महिन्या-वर्षांत विसरायला लागलं तर स्मृतिभ्रंशाची तपासणी. काल चांगलं होतं आणि आज असंबद्ध बोलतंय, तर ते वेड नव्हे. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, नवीन औषध असं काहीही असेल. त्याच दिवशी फिजिशियनकडे न्या.

थांबायचं नाही अशा वेळा

मरण्याचं बोलणं, अचानक निरवानिरव करणं. बाळंतपणानंतर झोप पूर्ण गेली आणि आई विचित्र, भलतंच बोलायला लागली. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली आणि दोन-तीन दिवसांत थरथर, घाम, भास, झटके. यांत ओपीडीच्या वेळेची वाट बघू नका, सरळ तातडीच्या विभागात जा. रुग्णवाहिका १०८.

जिवाचं विचारायला घाबरू नका. "तुम्हाला जगू नये असं वाटतंय का?" असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार येत नाही. उलट बऱ्याच जणांना विचारणारं कुणी भेटलं याचाच सुटकारा वाटतो. शेतकरी घर असेल तर फवारणीचं औषध आजच गोठ्यातून हलवा, कुलूप लावा, किल्ली दुसऱ्याकडे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. आणि कुणी प्रयत्न केला असेल तर पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं, त्याला शिक्षा नाही तर उपचार द्यायचे आहेत.

नाव मिळाल्यावर

ज्या दिवशी आम्हाला "ऑटिझम" हा शब्द कागदावर मिळाला, त्या दिवशी मी आणि हे दसरा चौकात बाकावर तासभर न बोलता बसलो होतो. तुम्हालाही बसावंसं वाटेल. बसा. मग कागदांकडे वळा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार हे सगळे त्यात येतात. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करून नेमलेल्या रुग्णालयात तपासणीला जायचं असतं. बहुतेक सवलतींसाठी चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालीत येणारी अडचण), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांग मुलांना केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. थेरपीचा खर्चही त्यात धरता येतो. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर दहावीला जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. हे नववीतच करा. जानेवारीत प्रमाणपत्रासाठी पळणारे पालक दरवर्षी भेटतात. शाळेचा प्रश्न असेल तर शेंडा पार्कची चेतना ही संस्था बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी बरीच वर्षं काम करतेय, एकदा जाऊन बघा, तिथल्या पालकांशी बोला.

याच काळात फोन सुरू होतात. कुणी स्टेम सेलचं, म्हणजे मूळपेशी टोचण्याचं, लाखांचं पॅकेज सांगेल. ऑटिझमवर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, शेत गहाण टाकू नका. कुणी तीन महिन्यांत बरा करतो म्हणेल. ऑटिझम घालवणारी गोळी नाही. झोप, झटके, टोकाची चिडचिड यांवर औषधं आहेत, बाकी काम थेरपीचं आणि घराचं. अतिचंचलतेवर मात्र चांगली औषधं आहेत, त्यांना घाबरून मुलाची वर्षं घालवू नका. मोठ्यांची औषधं बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करू नका, किती दिवस घ्यायची आणि कशी कमी करायची हे डॉक्टरांकडून वहीत लिहून घ्या.

लहान वयात दिलेलं नाव पुढे बदलू शकतं. दोन वर्षांच्या मुलाला "विकासात मागे" एवढंच लिहून देतात आणि पाचव्या वर्षी चित्र स्पष्ट होतं. म्हणून खोलीतून बाहेर पडण्याआधी पुढच्या तपासणीची तारीख विचारा आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. आमच्या वहीच्या त्या पानावर आता बावीस तारखा आहेत. पहिलीच्या पुढे मी लिहिलं होतं, "हाकेला वळला नाही." सातवीच्या पुढे लिहिलंय, "डॉक्टरांना पेन दिलं, माझ्याकडे बघितलं."